दोन डोळ्यांनी सुमनच्या गावाला

शुक्रवार पेठ, सोलापूर, निघण्याआधी

नारायणगावच्या बाजूला उघड्या माळावर तारेच्या मोठमोठ्या पराती उभ्या आहेत, आभाळाकडे तोंड करून. मी त्या पाहून आले. परात हा माझा शब्द, तिथली माणसं डिश म्हणतात. पण खरं सांगायचं तर मी पराती बघायला गेलेच नव्हते. मी माझ्या धाकट्या बहिणीला, सुमनला, आणायला गेले होते. पाच वर्षं उशिरा.

आमच्याकडे बाईचा नवरा गेला की दिवसकार्य झाल्यावर माहेरच्यांनी तिला चार दिवस आपल्या घरी न्यायचं असतं. दारात जायचं, हाताला धरायचं आणि न्यायचं. आई-वडील मागे नसले की हे काम थोरल्या बहिणीचं. सुमनचे यजमान, आमचे भाऊजी, गेले ते लॉकडाऊनमध्ये. गाड्या बंद, रस्ते बंद. मला जाता आलं नाही. तेव्हाचं कुणी मनावर घेणार नाही हो. पण पुढे रस्ते उघडले, बस सुरू झाल्या, आणि तरी मी गेले नाही. आधी गुडघा दुखत होता. मग सून वैशाली शिकवते ती शाळा सुरू झाली. मग आता इतक्या उशिरा कुठल्या तोंडानं जायचं, असं वाटायला लागलं. उशीर झाला म्हणून अजून उशीर करत गेले, असं काहीतरी ते होतं.

फोन करायचे. सुमन तिकडून "हं" म्हणायची, "बरं" म्हणायची, "ठेवते" म्हणायची. माहेरी करकंबला एका गोधडीत झोपून पहाटेपर्यंत बडबड करणारी आमची सुमी. मी समजून गेले, रागावली आहे.

त्याच बंदच्या दिवसांत मला दीर्घिकांचा नाद लागला. दीर्घिका म्हणजे ताऱ्यांची वस्ती. आपण राहतो ती एक, आकाशगंगा, आणि बाहेर अशा अगणित. मोठमोठ्या दुर्बिणींनी त्यांचे इतके फोटो काढून ठेवलेत की शास्त्रज्ञांना ते निवडायला वेळ पुरत नाही. म्हणून तुमच्या-माझ्यासारख्यांना फोनवर फोटो दाखवतात आणि विचारतात, बाई, हिचा आकार कसा? मी सातवीपर्यंत शिकलेली. बाकी जे काही आलं ते वाचनालयाच्या पुस्तकांतून. वैशालीनं इंग्रजी शब्दांपुढे मराठी लिहून कागद भिंतीला चिकटवून दिला. गोल गुळगुळीत. चपटी. भोवऱ्यासारखे हात असलेली. आणि मोडकी, म्हणजे जिला धड आकारच नाही ती. तूरडाळ निवडल्यासारखी मी दुपारभर दीर्घिका निवडत बसे. सुमनकडे जाता येत नव्हतं, तर म्हटलं, लांबच्यांची तरी विचारपूस करू.

यंदा माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. पट्टी सुटली त्या दिवशी मी अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांकडे पाहिलं आणि वैशालीला म्हटलं, अगं, नीळ केवढी ओतलीस? ती म्हणाली, आई, नीळ नाहीच घातली, ते पांढरंच आहे. डावा डोळा अजून तसाच होता. उजवा झाकला की सगळं जग हळद लावल्यासारखं. डावा झाकला की निळीत बुचकळून काढल्यासारखं. कपडे तेच, दोरी तीच. इतकी वर्षं मी ज्याला पांढरं म्हणत होते ते पिवळं होतं, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

त्या दिवशी मनात आलं, आणखी काय काय मी चुकीचं बघितलं असेल? आणि मी वैशालीला म्हटलं, माझी पिशवी काढ. सुमनला आणते.

वाटेत

बसचं काय सांगायचं, बस ती बस. डॉक्टरांनी काळा चष्मा घालायला लावला होता, त्यामुळे पुण्याला गाडी बदलताना एका भल्या माणसानं मला आंधळी समजून हाताला धरून भलत्याच फलाटावर नेऊन उभं केलं. इतक्या मायेनं नेलं की मलाही नाही म्हणवेना. तो गेल्यावर मी माझी परत आले.

पिशवीत शेंगाची चटणी, कडक भाकरीची चळत, डोळ्याचे थेंब आणि आईची चादर. ही चादर आमच्या लहानपणीची, इथल्याच मागावरची. सोलापुरी चादरीला सुलटी-उलटी अशी बाजू नसते, हे तुम्हाला माहीत असेल. एका बाजूनं पांढऱ्यावर तांबडे मोर, उलटी केली की तांबड्यावर पांढरे मोर. धागे तेच. सुमनला तांबडी बाजू वर लागायची, मला पांढरी, आणि त्यावरून रोज भांडण. आई गेल्यावर चादर मी उचलली. सुमन काही बोलली नव्हती, पण जाताना तिनं तिच्यावरून हात फिरवलेला मला आठवत होता. म्हटलं, आता देऊन टाकू.

सुमनचं घर

नारायणगावला सुमनचा मुलगा दत्ता मोटरसायकल घेऊन आला होता. वय चाळिशीच्या पुढे, कानशिलं पांढरी. त्या परातींची दातेरी चाकं-बिकं साफ करायचं, वंगण घालायचं काम करतो. मला मागे बसवून म्हणाला, "मावशी, घट्ट धर. आणि पडलीस तर उजव्या अंगावर पडू नको, डोळा महाग आहे."

तिकडे जमीन आपल्यासारखी काळी सपाट नाही. डोंगर जवळ येऊन बघतात. द्राक्षं, टोमॅटो, कांदा. आणि मधेच, शेताच्या पलीकडे, ती पहिली परात. मी दत्ताला थांबायला लावलं. एक डोळा झाकला, पिवळी. दुसरा झाकला, निळसर पांढरी. दत्ता म्हणाला, "रोज बघतो आम्ही. तुला काय एवढं?"

सुमन अंगणात पाठमोरी बसून शेळीला पाला घालत होती. मी फाटकातून हाक मारली, "सुमे." तिनं मान वळवली नाही. पुन्हा मारली. शेळीनं वळून पाहिलं, पण सुमननं नाही. मग दत्तानं पुढे जाऊन तिच्या खांद्याला हात लावला, तेव्हा ती उठली. माझ्याकडे बघत राहिली. "आलीस व्हय," एवढंच.

मी तिला जेव्हा जेव्हा मनात आणायचे तेव्हा दोन वेण्यांची, करकंबच्या ओढ्यात परकर वर खोचून उभी असलेली आणायचे. समोर ही वाळलेली, कपाळ मोकळं, हातांवर शिरा. लांबच्या दीर्घिकेचंही असंच असतं. तिचा जो उजेड आपल्याला आज पोचतो तो फार पूर्वी निघालेला. आपण तिला बघतो म्हणजे ती होती तेव्हाची बघतो. आज तिचं काय झालंय, कुणाला माहीत.

जेवायला तिनं मासवडी केली होती. नावात मासा आहे, ताटात नाही. बेसनाच्या पोटात तीळ-खोबऱ्याचं सारण, आणि वर झणझणीत रस्सा. बाजरीची भाकरी मऊ, आपल्या कडक भाकरीला बघून दत्ताची बायको म्हणाली, हे पापड आहेत का? सगळे हसले. सुमन हसली नाही. मी तिच्या शेजारी बसून हळूहळू बोलत होते, प्रवासाचं, वैशालीचं, पेठेतल्या कुणाकुणाचं. ती समोर बघून भाकरी मोडत होती. मधेच विचारलंच मी, सुमे, येतेस ना माझ्यासोबत? तिनं पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

राग असला तर भांडावं माणसानं. हे असं शेजारी बसून लांब राहणं मला सोसेना.

तारेच्या परातीखाली

दुसऱ्या दिवशी सकाळी दत्ताला रजा नव्हती, पण त्यानं वरच्यांची परवानगी काढली होती. मावशीला दीर्घिकांचा नाद आहे हे त्यानं तिथे आधीच सांगून ठेवलं होतं. सुमनला मी म्हटलं, चल. मुलगा इतकी वर्षं तिथे काम करतो, पण ती एकदाही आत गेली नव्हती. आली. माझी पिशवी मात्र तिनं आपल्या हातात घेतली, तेवढं थोरलेपण तिनं मला दिलं.

फाटकावर फोन काढून घेतात. या पराती आकाशातून येणाऱ्या इतक्या बारीक रेडिओ लहरी ऐकतात की आपला एक साधा फोन त्यांच्या कानाशी ढोल वाजवल्यासारखा. मी माझा फोन दिला आणि ऐटीत आत गेले.

रेवती नावाची तरुण शास्त्रज्ञ आम्हाला दाखवायला आली. मी दीर्घिका निवडते हे कळल्यावर तिनं मला खुर्ची दिली आणि स्वतः उभी राहिली, हे मी मुद्दाम लिहिते आहे.

परात म्हणजे अखंड पत्रा नाही. नुसती जाळी. खालून आभाळ दिसतं. मी विचारलं, अगं, एवढ्या भोकांतून उजेड गळून जाईल की. रेवती म्हणाली, उजेड जातोच, आजी, आम्हाला तो नकोच आहे. मग मला आपोआप कळलं. रवा चाळणीतून जातो, शेंगदाणा वर राहतो. उजेडाची लाट रव्यापेक्षा बारीक, ती निसटते. रेडिओची लाट लांब, ती जाळीवर अडते आणि वळून मध्यावर गोळा होते. आणि यांना रात्रही लागत नाही. भर दिवसा, सूर्य डोक्यावर असताना, ही परात आकाश बघत असते.

आत पडद्यासमोर बसवून तिनं एक चित्र दाखवलं. साध्या उजेडातलं, आपल्या डोळ्यांना दिसेल तसं. तीन दीर्घिका. एक देखणी, भोवऱ्यासारखी. एक चिरुटासारखी लांबट. एक लहान, बाजूला. तिघींच्या मध्ये काळं रिकामं. मी म्हटलं, या तीन वेगळ्या, कुणाचा कुणाशी संबंध नाही. ती म्हणाली, असंच वाटतं. मग तिनं त्याच जागेचं दुसरं चित्र लावलं, हायड्रोजन वायूच्या रेडिओ लहरींतलं. अहो, तिथे रिकामं काही नव्हतंच. एकीपासून दुसरीपर्यंत, दुसरीपासून तिसरीपर्यंत वायूचे लांबच लांब पदर ओढले गेले होते. फार पूर्वी त्या एकमेकींच्या जवळून गेल्या, तेव्हा ओढले गेलेले. ते अजून तसेच आहेत.

"डोळ्यांना का दिसत नाहीत?" मी विचारलं.

"तो वायू थंड आहे, आजी. डोळ्यांना दिसेल असा उजेड तो देत नाही. पण बोलत असतो. त्याच्या लांबीच्या लहरीत कान लावला तर ऐकू येतो."

मी सुमनकडे पाहिलं. ती पडद्याकडे बघत होती, पिशवी मांडीवर धरून.

मग मी माझी जुनी शंका काढली. फार लांबच्या दीर्घिका मला बहुतेक मोडक्याच दिसायच्या, नुसते गोळे-गोळे. मी सगळ्यांना मोडकी म्हणून शिक्का मारत गेले. तिकडे पूर्वी सगळं मोडकंच होतं का? रेवती हसली. म्हणाली, उजेड इतक्या लांबून येता येता ताणला जातो. आपल्याकडे जो तांबडा होऊन पोचतो, तो निघताना जांभळ्याच्याही पलीकडचा असतो. आणि तसला उजेड मुख्यतः नुकतेच जन्मलेले तापट तारे देतात. म्हणून नव्या ताऱ्यांचे झुबके तेवढे दिसतात, जुने शांत तारे दिसतच नाहीत. मला लग्नघर आठवलं. लांबून बघितलं तर रोषणाईच्या माळा दिसतात, त्यांच्या मागचं घर दिसत नाही. पुढे अंतराळातल्या दुर्बिणीनं तांबड्यापलीकडच्या उजेडात फोटो काढले, तेव्हा त्यातल्या कितीतरी चांगल्या घडणीच्या, थाळीसारख्या निघाल्या.

"म्हणजे मी धडधाकट घरांना मोडकी म्हणत होते?"

"सगळ्या नाही हं, आजी. काही खरंच मोडलेल्या आहेत. नीट बघितल्याशिवाय कळत नाही, एवढंच."

आणि नेमकं तेव्हाच खोलीत कर्कश ट्रिंग-ट्रिंग सुरू झालं. रेवती दचकली, दत्ता उभा राहिला, दारातला पहारेकरी आत डोकावला. आवाज येत होता सुमनच्या मांडीवरच्या पिशवीतून. वैशालीनं, माझ्या मोठ्या फोनची बॅटरी संपली तर असावा म्हणून, जुना बटणांचा फोन चादरीच्या घडीत घालून ठेवला होता, थेंबांच्या वेळेचा गजर लावून, आणि मला सांगायचं विसरली होती. मी लाजेनं अर्धी झाले. दत्तानं तो बंद केला. रेवती म्हणाली, "आज आम्हाला आकाशातून सूनबाईंचा निरोप मिळाला, थेंब घाला म्हणून," आणि सगळे हसले.

मी हसले नाही. कारण एवढं सगळं होईपर्यंत सुमन पडद्याकडेच बघत होती. गजर तिच्या मांडीत वाजत होता आणि तिची पापणीही हलली नव्हती. दत्तानं पिशवीत हात घातला तेव्हा कुठे ती चमकून त्याच्याकडे वळली.

बाहेर आल्यावर मी दत्ताला बाजूला घेतलं. तो बुटाच्या टोकानं माती उकरत राहिला. मग म्हणाला, "बाबा गेले त्या तापात तीपण होती ना. तेव्हापासून. उजवीकडून थोडं येतं, डावीकडून काहीच नाही. फोनवर तर नुसती घरघर. मावशीला सांगू नको म्हणाली, जीवाला लावून घेईल."

आता माझी गंमत ऐका. माझा उजवा डोळा नवा, म्हणून आल्यापासून मी तिला माझ्या उजव्या हाताला घेऊन बसत होते, स्वच्छ दिसावी म्हणून. म्हणजे मी बसत होते तिच्या डाव्या अंगाला. काल रात्रीचं माझं सगळं बोलणं मेलेल्या कानात गेलं होतं.

परातीच्या सावलीत एक कट्टा आहे. सावलीही जाळीची. मी सुमनच्या उजव्या बाजूला जाऊन बसले. आता ती माझ्या डाव्या डोळ्यात आली, न काढलेल्या मोतीबिंदूत. पिवळी, धूसर. सुरकुत्या दिसेनात. कंदिलाच्या उजेडात दिसायची तशी सुमी. तिला ऐकू यायचं तर मला ती अशीच दिसणार होती, आणि खरं सांगते, मला तशीच हवी होती.

कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "सुमे, तवा मी न्यायला आले न्हाय."

तिनं ऐकलं. "व्हय. लई वाट बघितली, आक्का. बॅग भरून ठिवली हुती. दोन लुगडी, फणी. रस्ता सुरू झाला म्हटल्यावर रोज दारात बसायची."

"मग?"

"मग काय. उंदरानं बॅग कुरतडली, तवा उपसली."

"राग हाय का गं?"

"हुता. वरीसभर हुता. मग तुझा फोन आला की नुसती घरघर. काय म्हणतीस कळंना, पर आक्काच हाय एवढं कळायचं. त्या घरघरीवर कुटवर रागवायचं?"

मी तिचा हात धरला. वर परात कुरकुरत वळायला लागली, कुठल्यातरी दुसऱ्या दिशेला. सुमनला तो आवाज आला नसावा, पण सावली पायावरून सरकली तशी तिनं वर पाहिलं.

परत

तरी ती माझ्यासोबत आली नाही. शेळी गाभण होती, आज-उद्या व्यायची. दत्ताची बायको बघेल म्हटलं तर म्हणाली, "तिला न्हाय जमत. शेळी व्याली की येते. आन् न्यायला येऊ नको. माझी मी येते, मला काय रस्ता ऐकायचा न्हाय, बघायचाच हाय." कानाचं मशीन मात्र सोलापुरात बघू, याला ती हो म्हणाली, तेही मी तिच्या डावीकडे बसले असताना, म्हणजे ऐकलं की माझे ओठ बघितले देवाला ठाऊक.

चादर तिला दिली. तिनं उलगडली, दोन्ही बाजू बघितल्या, मोरांवरून बोट फिरवलं आणि परत घडी घालून माझ्याच पिशवीत ठेवली. म्हणाली, हितं नको, तितं आले की घालू. शेजारची सीट रिकामी ठेवून मी आले. म्हणजे ठेवली नव्हती, पण पुण्यापर्यंत कुणी बसलंच नाही, आणि मला ते बरं वाटलं.

घरी आल्यावर पहिल्यांदा मी डॉक्टरांकडे गेले आणि डाव्या डोळ्याची तारीख पुढे ढकलून आले. वैशाली रागावली. आई, एका डोळ्यानं पिवळं, एका डोळ्यानं निळं, हे किती दिवस चालायचं? मी म्हटलं, सुमन येऊन जाईपर्यंत. डॉक्टर जे काढून टाकतील त्यात ती आहे. तिला एकदा नीट बघू दे, मग काढा.

दुपारी मी पुन्हा निवडायला बसते. मोडकी म्हणायच्या आधी आता बोट थांबतं.

हे सगळं लिहून ठेवायचं कित्येक दिवस चाललं होतं, पण आज सकाळपासून नेटानं लिहिते आहे, कारण हात रिकामा ठेवला की दाराकडे जाते. शेळीला दोन पिल्लं झाली. दत्तानं पहाटे सुमनला गाडीत बसवून दिलं, एवढा निरोप आला आणि पुढे काही नाही. ती फोन करणार नाही, करून उपयोग नाही. ती निघाली आहे हे मला माहीत, कुठवर आली ते नाही.

आत्ता मधेच फोन वाजला. अनोळखी नंबर. एक बाई बोलत होत्या, मागे इंजिनाची घरघर. म्हणाल्या, "तुमच्या बहिणीच्या शेजारी बसलेय मी. त्यांना ऐकू येत नाही म्हणून मी लावला. एवढंच सांगायला सांगितलंय, टेंभुर्णी सुटली."

टेंभुर्णी, म्हणजे सोलापूर आता दोन तासांवर. मी उठले. खाटेवर चादर अंथरली होती, सवयीनं पांढरी बाजू वर. ती काढली, झटकली आणि तांबडी बाजू वर करून घातली.